घास, घोट आणि आवंढा

बेंगळुरूच्या जुन्या वस्त्यांत आणि भोवतालच्या खेड्यांत नाचणीच्या पिठाची ‘मुद्दे’ खाल्ली जाते. उकळत्या पाण्यात पीठ टाकून, लाकडी दांड्याने घोटून, हाताने वळलेला तो गरम गोळा ताटात येतो, तेव्हा नवख्याला त्याचे काय करावे हे कळत नाही. जाणते लोक सांगतात की मुद्दे चावायची नसते. बोटांनी लहान गोळी तोडावी, सारूत बुडवावी आणि सरळ गिळून टाकावी. दातांना तिथे काम नाही. शहाजीराजांना १६३८ च्या विजापुरी मोहिमेनंतर ही जहागीर मिळाली, आणि पुढे १६८७ मध्ये ती म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेली. राज्य गेले तरी माणसे मागे राहिली. चिक्कपेटेच्या आसपास रंगारी, शिंपी, भावसार, मराठा अशा घरांतून कानडी मिसळलेली मराठी आजही ऐकू येते. भाकरीच्या देशातून आलेल्या त्या घरांनी मुद्देही स्वीकारली. भाकरी चावायची आणि मुद्दे गिळायची, असे दोन शिष्टाचार एका ताटात नांदू लागले.

न चावता गिळण्यात एक गाढ विश्वास आहे. घास जिभेच्या मुळाशी गेला की माणसाचे त्याच्यावरचे स्वामित्व संपते. पुढचे काम दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवलेले असते, आणि त्या दुसऱ्याचे नावही बहुतेकांना ठाऊक नसते.

मराठी भाषेने खाण्याच्या आरंभीच्या टप्प्याकडे किती लक्ष दिले आहे ते पाहण्यासारखे आहे. चिऊकाऊचे घास भरवत लेकराला वाढवतात. घासातला घास दुसऱ्याला देतात. हातातोंडाशी आलेला घास हिरावला जातो. अपमान गिळतात, राग गिळतात, मूग गिळून गप्प बसतात. रडू दाबायचे तर आवंढा गिळतात. न पटलेली गोष्ट घशाखाली उतरत नाही आणि अति झाले की ती घशाशी येते. वैतागलेली गृहिणी ‘गिळा एकदाचे’ म्हणते, तेव्हा त्या एका शब्दात जेवणाची सारी प्रतिष्ठा काढून घेतलेली असते. मात्र घशाच्या खाली ही समृद्ध भाषा एकदम मुकी होते. गळा आणि पोट यांच्यामधल्या वाटेसाठी तिच्याजवळ ‘अन्ननलिका’ हा शाळेच्या पुस्तकातला शब्द तेवढा आहे; घरगुती शब्द नाही. जे काम बिनबोभाट होत राहते, त्याला नाव देण्याची गरज कुणाला वाटत नाही.

वास्तविक ही वाट म्हणजे केवळ नळी नव्हे. सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीचा तो स्नायूंचा मार्ग आहे. वरच्या भागातील स्नायू हातापायांच्या स्नायूंच्या जातीचे, तर खालचे आतड्यांच्या जातीचे, आपल्या इच्छेला न जुमानणारे. घास आत आला की त्याच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैलावतो, आणि ही लाट आठ-दहा सेकंदांत घासाला जठराच्या दारापर्यंत नेऊन पोचवते. उताण्या निजलेल्या माणसालाही म्हणूनच पाणी गिळता येते. जठराच्या तोंडाशी स्नायूंचे एक वलय आहे. ते एरवी मिटलेले असते आणि घास येण्याच्या सुमारास काही क्षण उघडते. या साऱ्या व्यवहारात आवळण्याइतकेच सैलावण्याला महत्त्व आहे. नलिकेच्या भिंतीत मज्जातंतूंचे जाळे आहे, आणि त्यातले काही तंतू नायट्रिक ऑक्साइड या साध्या वायुरूप रेणूच्या द्वारे स्नायूला ‘थांब, सैल हो’ असा निरोप देतात. तो निरोप पोचला नाही तर दार उघडत नाही. किंवा लाट आपली वेळ सोडून अवेळी, भलत्याच जोराने येते. घास मध्येच अडतो. छातीत मुरडा पडतो, आणि हे हृदयाचे तर दुखणे नव्हे ना, अशी धास्ती माणसाला वाटते.

दार न उघडण्याचा हा विकार वैद्यकाला जुना आहे. १६७४ साली टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने अशाच एका रुग्णाचे वर्णन केले. देवमाशाच्या हाडाच्या लवचिक काठीला टोकाशी स्पंज बांधून त्याने त्याला दिली होती, आणि तो माणूस पंधराएक वर्षे प्रत्येक जेवणानंतर आपले अन्न त्या काठीने स्वतःच खाली ढकलीत जगला. पुढे या विकाराला अ‍ॅकॅलेशिया, म्हणजे सैल न होणे, असे ग्रीक नाव मिळाले. १९१३ मध्ये अर्न्स्ट हेलर या जर्मन शल्यविशारदाने ते आवळलेले वलय बाहेरून छेदण्याची शस्त्रक्रिया केली. २००८ मध्ये जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून, नलिकेच्या अस्तराखालून बोगदा काढीत आतूनच स्नायू छेदण्याची रीत सुरू केली. ती आज भारतातही रूढ आहे. या विकारात नलिकेच्या भिंतीतले मज्जातंतू हळूहळू मरून जातात. का मरतात याचे निश्चित उत्तर अद्याप नाही. मेलेले तंतू परत येत नाहीत, म्हणून स्नायू छेदण्यावाचून फारसे काही हाती उरत नाही.

गेल्या दीड-दोन दशकांत मात्र असे आढळू लागले की काही रुग्णांचे दार हुबेहूब असेच बंद असते, आणि तरी त्यांचे तंतू मेलेले नसतात. त्यांची वाचा तेवढी बसलेली असते. ती बसवणारा पदार्थ भारतीय घराला अनोळखी नाही. तो म्हणजे अफू.

अफूचा आणि मराठी मुलखाचा संबंध जुना आहे. शिंदे-होळकरांच्या माळव्यात पिकलेली अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनला जाई आणि त्या व्यापारावर मुंबईतल्या कित्येक पेढ्या उभ्या राहिल्या. त्याच मुंबईत गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या लेकरांना अफूची बाळगोळी चाटवून निजवीत. ते क्रौर्य नव्हते. पाळण्याजवळ थांबायला दुसरे कुणी नव्हते. आजही मंदसौर, नीमच, चित्तोडगडच्या परिसरात सरकारी परवान्याने खसखशीची शेते फुलतात आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत तिचा चीक जातो. या चिकातून जर्मनीतील फ्रीडरिश झेर्टुर्नर या तरुण औषधविक्रेत्याने १८०५ च्या सुमारास एक शुद्ध द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव त्याने मॉर्फियस या ग्रीक स्वप्नदेवतेवरून ठेवले. तेच मॉर्फिन. त्याच्या कुळात पुढे अनेक भावंडे जन्मली. काही चिकातून, काही प्रयोगशाळेतून. ऑक्सिकोडोन, फेंटानिल, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल ही त्यांतली काही नावे आता औषधांच्या दुकानांत परिचित आहेत.

अफू वेदना शमवते आणि आतडे थोपवते, या दोन्ही गोष्टी जुन्या वैद्यांना ठाऊक होत्या. हगवणीवर अफू देत ती याच कारणाने. विज्ञानाला त्याचे मर्म फार उशिरा कळले. १९७३ मध्ये मेंदूत अफूच्या रेणूंना धरून ठेवणाऱ्या जागा असल्याचे सिद्ध झाले. १९७५ मध्ये अ‍ॅबर्डीन येथे जॉन ह्यूझ आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी शरीर स्वतःच अशी द्रव्ये निर्माण करते हे दाखवले. कोस्टरलिट्झ यांची कसोटी होती गिनीपिगच्या आतड्याचा एक तुकडा. अफूचा अंश लागला की त्या तुकड्याचे आकुंचन मंदावे. म्हणजे वेदनेच्या शास्त्राला साक्षीदार मिळाला तो आतड्यात. ज्या जागा मेंदूत आहेत त्याच पचनमार्गाच्या भिंतीतही आहेत. वेदना ऐकू न येणे आणि अन्न पुढे न सरकणे ही एकाच किल्लीने लागणारी दोन कुलुपे आहेत.

मलावरोधाची गोष्ट सर्वांना माहीत झाली. वैद्य औषध लिहितानाच त्याचा उतारा लिहू लागले. अन्ननलिकेकडे मात्र कुणाचे लक्ष गेले नाही. तिच्यातील दाब ठिकठिकाणी एकदम मोजणारी, छत्तीसेक संवेदक असलेली बारीक नळी नाकावाटे घालून पाहण्याची सोय झाली, तेव्हा चित्र उमटू लागले. महिनोन् महिने रोज जोरदार अफूवर्गीय वेदनाशामके घेणाऱ्या काहींच्या नलिकेत ‘थांब, सैल हो’ हा निरोप क्षीण झालेला दिसला. तळाचे वलय नीट उघडत नव्हते आणि लाटा अवेळी, आवेगाने येत होत्या. ऑक्सिकोडोनसारख्या औषधांत हे अधिक, ट्रामाडॉलमध्ये कमी. मात्रा वाढली की शक्यताही वाढते. हे बहुतेक संशोधन अमेरिकेतले आहे, कारण १९९६ नंतर तिथे या गोळ्यांचा महापूर आला. अन्ननलिकेच्या गतिविकारांचे वर्गीकरण शिकागो शहराच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या २०२१ च्या आवृत्तीत, अशा तपासणीचा अर्थ लावताना रुग्ण अफूवर्गीय औषध घेतो का, हे ध्यानात घ्यावे, असे सांगितले आहे. औषध कमी केल्यावर वा थांबवल्यावर अनेकांचे दार पुन्हा उघडू लागते. म्हणून स्नायूला सुरी लावण्याआधी हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.

प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर मिळणे साधे नाही. चिक्कपेटेच्या मागच्या गल्लीतील एखाद्या शिंप्याच्या घरातली प्रौढ स्त्री डोळ्यांपुढे आणावी. तिशी-पस्तिशीपासून ती मशीनवर बसली आहे. मणक्यांचा शस्त्रक्रियेने न सुटलेला त्रास आहे, आणि जी गोळी घेतल्याने तिला दिवसाचे सहा तास बसता येते ती गोळी तिने काही वर्षे सोडलेली नाही. मग एके दिवशी घास छातीत अडू लागतो. पहिल्यांदा भात, मग चपाती, मग पाणीसुद्धा. ती प्रत्येक घासामागे पेलाभर पाणी पिते. उभी राहून, खांदे मागे ओढून, घास उतरण्याची वाट पाहते. लग्नाच्या पंगतीला जाणे टाळते. मुद्देची गोळी ती आता उचलीतही नाही. घरात कुणी म्हणते, वहिनींचा कशावर तरी राग आहे. कुणी मीठमोहऱ्या ओवाळते. नणंद म्हणते, ‘अहो वहिनी, जरा सावकाश जेवत जा.’ ती सावकाशच जेवते आहे. सर्वांचे हात वाळून गेले तरी तिचे ताट अर्धे असते. पुढे पुढे ती सर्वांच्या मागून, स्वयंपाकघरात एकटीच जेवू लागते. घरासाठी जिने आयुष्यभर घास केले तिला आपला घास लपवून खावा लागतो.

अशी स्त्री वैद्याकडे जाते तेव्हा घशाचे सांगते, पाठीचे सांगत नाही. पाठीचे वैद्य वेगळे, त्यांची चिठ्ठी वेगळ्या पिशवीत. पाठीच्या गोळीचा गळ्याशी संबंध असेल हे तिच्या मनातही येत नाही. आणि ‘काही औषध चालू आहे का’ या घाईच्या प्रश्नाला ‘साखरेचे आणि रक्तदाबाचे’ एवढेच उत्तर ती देते. दुर्बिणीने पाहिले तर नलिका आतून निर्मळ दिसते. गाठ नाही, व्रण नाही. मग अहवालात दोष न सापडल्याचे समाधान घेऊन ती घरी येते आणि रात्री पुन्हा तोच घास तिथेच अडतो. यात हेळसांड करणारा खलपुरुष कुणी नाही. शरीराचे तुकडे करून वाटून घेतलेल्या शास्त्रात एका तुकड्याची वार्ता दुसऱ्याकडे पोचत नाही, एवढेच.

आणि समजा, प्रश्न विचारला गेला, उत्तर मिळाले. तरी तिची कोंडी संपत नाही, नीट दिसू लागते एवढेच. गोळी सोडावी तर पाठ बसू देत नाही. गोळी ठेवावी तर अन्न उतरत नाही. शिवाय वर्षानुवर्षे घेतलेली अशी गोळी एका दिवसात सोडताही येत नाही. घाम, कंप, अनिद्रा, पोटातली कालवाकालव या वाटेने शरीर आपला हिशेब मागते. मात्रा वैद्याच्या देखरेखीने, पायरी पायरीने उतरवावी लागते आणि त्या पायऱ्यांवर वेदनेला दुसरा काही आधार द्यावा लागतो. वेदना आणि भूक यांच्यात तडजोड करण्याचे हे काम कोणतेही यंत्र करीत नाही. ते दोन माणसांनी समोरासमोर बसून करायचे असते.

इथवर आल्यावर अफूला दोषी ठरवून मोकळे होण्याचा मोह पडतो. त्या मोहाला हेच शहर उत्तर देते. होसूर रस्त्यावरील किदवाई कर्करोग संस्थेत १९८२ पासून शहरातील कर्करोगाची नोंदवही ठेवली जात आहे. देशातल्या अशा पहिल्या काही नोंदवह्यांपैकी ही एक. तिच्यात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे नाव वर्षानुवर्षे ठळकपणे येत राहिले आहे. त्या संस्थेच्या ओसरीवर कर्नाटकाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसे बसलेली असतात आणि त्यांच्यातल्या कित्येकांचा घासही छातीतच अडलेला असतो. परंतु तिथे दार मिटलेले नसते. वाटेत गाठ वाढून वाटच बुजलेली असते. अशा रुग्णाला घन अन्न जात नाही, मग पेज जात नाही, आणि पुढे लाळही गिळवत नाही. त्यासोबत जी वेदना येते तिच्यापुढे साध्या गोळ्या निष्प्रभ ठरतात. त्याला लागते ते मॉर्फिनच; आणि गोळी उतरत नसेल तर मॉर्फिनचे पातळ औषध, चमचाभर, ठरल्या वेळी. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच सांगून ठेवले होते की कर्करोगाच्या वेदनेवर औषध शक्यतो तोंडावाटे द्यावे, घड्याळाप्रमाणे द्यावे, आणि पायरीपायरीने वाढवावे.

पण १९८५ साली आपल्याकडे अमली पदार्थांचा कठोर कायदा झाला होता. व्यसनाच्या भयाने परवान्यांचे इतके अडसर उभे राहिले की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. पुढच्या बारा वर्षांत देशातील त्याचा वैद्यकीय वापर जवळजवळ ९७ टक्क्यांनी खाली आला. जगाला अफू पुरवणाऱ्या देशात मरणासन्न माणसाला चमचाभर मॉर्फिन मिळेना. मुंबईत १९८६ मध्ये शांती आवेदना आश्रम सुरू झाला. १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोझिकोडला वेदनाशमनाचे काम आरंभले. १९९४ मध्ये बेंगळुरूत एक न्यास स्थापन होऊन १९९९ पासून ‘करुणाश्रय’ ही वास्तू उभी राहिली. उपचारांच्या पलीकडे गेलेल्या कर्करुग्णांची शुश्रूषा तिथे विनामूल्य होते. अखेर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय उपयोगाची वाट सुकर करण्यात आली. पण कागदावर उघडलेले दार सगळीकडे उघडले असे नाही. आजही पुष्कळ जिल्ह्यांत हे औषध मिळत नाही.

म्हणजे एकाच शहरात, कदाचित दोन-चार मैलांच्या अंतरावर, एकीचा घास अफूने अडवलेला असतो आणि दुसऱ्याच्या न उतरणाऱ्या घासामागची वेदना अफूच हलकी करीत असते. पहिलीला ती कमी मिळायला हवी, दुसऱ्याला ती मिळायलाच हवी. कायद्याला असा भेद करता येत नाही. तो एक तर दार लावतो किंवा उघडतो. अमेरिकेने ते सताड उघडून पाहिले, भारताने घट्ट लावून पाहिले, आणि दोन्हीकडे माणसेच भरडली गेली. हा भेद फक्त जवळ बसलेल्याला करता येतो. त्यासाठी विद्वत्तेपेक्षा अधिक लागतो तो वेळ, आणि दोन्ही प्रश्न विचारण्याची चिकाटी: दुखते का, आणि उतरते का. एकाच प्रश्नावर थांबणारा वैद्य अर्ध्याच माणसाला बरे करतो.

हे विचारणे काही वैद्यांचीच मिरास नव्हे. बेंगळुरूत रस्त्यात भेटलेल्या माणसाला क्षेमकुशल विचारताना ‘ऊट आयता?’ म्हणतात. जेवण झाले का? मराठी घरांतही उंबऱ्यावर आलेल्याला ‘जेवलात का?’ असेच विचारतात. बहुतेक वेळा हा नुसता शिष्टाचार असतो. उत्तरासाठी कुणी थांबत नाही, आणि ‘झाले’ म्हणून समोरचाही पुढे जातो. शिंप्याच्या घरातल्या त्या स्त्रीनेही कितीदा तरी ‘झाले’ असेच म्हटलेले असेल. या प्रश्नानंतर क्षणभर थांबणारे, तिचे अर्धे ताट पाहणारे आणि पाठीच्या गोळीची चिठ्ठी दुसऱ्या पिशवीतून काढून वैद्यापुढे ठेवणारे एखादे माणूस घरात असले, तर निदानाचा आरंभ तिथेच होतो.